तुर्काच्या वेशातला फ्रेंच पोरगा: जुनं छापचित्र वाचायला शिकताना

चोरबाजारातल्या एका दुकानात मला एक सुलताना भेटली. फ्रेममध्ये, पिवळ्या पडलेल्या कागदावर, पायघोळ झगा घालून उभी. दुकानदार म्हणाला, "ओरिजिनल है, दो सौ साल पुराना." मी दीड हजार मोजले आणि विजयी मुद्रेनं घरी आलो. रात्री फ्रेम उघडून भिंग लावलं, तर सुलतानेच्या गालावर रांगेनं ठिपके. वर्तमानपत्रातल्या फोटोत असतात तसे. कुठल्यातरी आधुनिक पुस्तकातून फाडलेलं पान होतं ते, चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारं केलेलं.

पैसे गेले. पण चित्राखाली छापलेला फ्रेंच मजकूर खरा होता. तो शोधत गेलो आणि त्यातून जी गोष्ट सापडली, तिच्यामुळे हा नाद लागला. जुन्या युरोपीय छापचित्रांत तुर्क, इराणी, अरब, हिंदुस्थानी माणसं दिसतात, ती पाहायची कशी आणि त्यांच्यावर विश्वास किती ठेवायचा, हे नव्यानं या वाटेला लागलेल्यांसाठी लिहितो आहे. उदाहरण म्हणून त्याच सुलतानेचं कूळ घेऊ: जोसेफ-मारी व्हियां या फ्रेंच चित्रकाराची 1748 ची मालिका.

सामान

दहापट मोठं दाखवणारं भिंग. घड्याळ दुरुस्तीवाले डोळ्याला लावतात ते चालतं. मोबाइलचा टॉर्च. एक पट्टी. हात धुऊन कोरडे केलेले. पातळ हातमोज्यांपेक्षा स्वच्छ बोटं बरी, कारण मोज्यांतून कागदाची कड कळत नाही आणि ती फाटते.

आधी कड बघा, चेहरा नंतर

माणूस चित्र हातात घेतो आणि थेट चेहऱ्याकडे बघतो. तसं करू नका. आधी चित्राच्या चौकटीबाहेरची कोरी जागा बघा.

ही चित्रं तांब्याच्या पत्र्यावरून छापत. पत्र्यावर रेघा खोल असतात, त्या खळग्यांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची, पत्र्यावर ओलसर कागद ठेवायचा आणि दोन रुळांमधून जोरात दाबून काढायचा. कागद खळग्यांत घुसतो आणि शाई उचलून आणतो. एवढ्या दाबानं पत्र्याच्या चारही कडांचा ठसा कागदावर उमटतो. टॉर्च आडवा, कागदाला जवळजवळ टेकवून धरा. चित्राभोवती एक बारीक दबलेला चौकोन दिसेल. तिरक्या उजेडात काळ्या रेघाही कागदाच्या किंचित वर आलेल्या दिसतात.

चौकोन दिसला नाही म्हणजे चित्र खोटंच, असं मात्र नाही. पूर्वीचे संग्राहक चित्राच्या कडेकडेनं कापून ती वहीत चिकटवायचे, त्या कात्रीत ठसा गेला असेल. आणि चौकोन दिसला म्हणजे खरंच, असंही नाही. नंतरच्या काळात नक्कल करणाऱ्यांनी तो मुद्दाम उमटवलेला आहे. म्हणून पुढे जायचं.

आपल्याकडे जुनं छापील चित्र म्हटलं की डोळ्यांसमोर येतात राजा रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी-सरस्वती. ती दगडावरून छापलेली, रंगीत, तेलरंगाचा भास देणारी. तिथे असा दबलेला चौकोन शोधत बसू नका. ते तंत्रच वेगळं.

कागद उजेडासमोर

आता कागद खिडकीसमोर धरा. 1748 च्या युरोपात कागद हातानं, तारांच्या चाळणीवर गाळून करत. त्या तारांची नक्षी कागदात कायमची राहते: अगदी जवळजवळच्या बारीक रेघा, आणि त्यांना आडव्या छेदणाऱ्या, साधारण दोन-अडीच सेंटिमीटर अंतरावरच्या ठळक रेघा. कधीकधी कागद करणाऱ्याचं पाणचिन्हही सापडतं.

तारांच्या रेघा नसलेला, एकसारख्या पोताचा कागद इंग्लंडमध्ये 1750 च्या दशकात आला आणि फ्रान्समध्ये त्याहून उशिरा. म्हणजे 1748 चं म्हणून दाखवलेलं चित्र तसल्या कागदावर असेल, तर ते त्या साली छापलेलं नाही. पत्रा जुना असू शकतो. तांब्याचे पत्रे दशकानुदशकं टिकत, एका विक्रेत्याकडून दुसऱ्याकडे जात, आणि प्रत्येक जण आपापल्या काळातल्या कागदावर पुन्हा छापून घेई. अशी प्रत नकली नसते, उशिराची असते. रेघा झिजून फिकट झालेल्या असतात, किंमत कमी असते. शिकायला मात्र अगदी उत्तम.

रेघ कशी संपते

तांब्यावर रेघ काढायच्या दोन मुख्य रीती. एक, टोकदार पोलादी हत्यारानं धातू खरवडून काढणं. ही रेघ बारीक सुरू होते, मध्ये फुगते आणि पुन्हा टोकदार होऊन संपते. शिस्तीची, जरा करारी रेघ. ती शिकायला वर्षं लागतात, म्हणून ते काम पेशेवर खोदकाम करणाऱ्यांकडे असे.

दुसरी रीत एचिंग. पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, सुईनं त्या थरात चित्र काढायचं आणि पत्रा आम्लात बुडवायचा. सुईनं थर जिथे उघडा केला तिथलं तांबं आम्ल खातं. धातू कापायला जोर लावावा लागत नसल्यानं हात कागदावर चालावा तसा चालतो. ही रेघ सुरुवातीपासून शेवटापर्यंत साधारण एकाच जाडीची असते, टोकाला बोथट, मध्येच थरथरणारी. चित्रकारांना हेच परवडे. व्हियांनं आपली मालिका अशीच, स्वतःच्या हातानं केली.

भिंगातून एकाच रेघेचं टोक बघा. बाकीचं नंतर. आणि ठिपक्यांची रांग दिसली, तर माझ्या दीड हजारांची आठवण काढून फ्रेम परत द्या.

खालचं अक्षर

माझ्या मते सगळी मजा इथे आहे, आणि बहुतेक लोक ही पायरी गाळतात, कारण मजकूर फ्रेंच किंवा लॅटिनमध्ये असतो. पण लॅटिनचे पाच-सहा शब्द कळले की काम भागतं.

चित्राच्या चौकटीखाली, अगदी बारीक अक्षरांत, बहुधा डाव्या कोपऱ्यात मूळ चित्रकाराचं नाव असतं आणि उजव्या कोपऱ्यात पत्रा खोदणाऱ्याचं. नावापुढे ‘पिंक्सिट’ असेल तर त्यानं मूळ रंगचित्र केलं. ‘डेलिनेआव्हिट’ म्हणजे रेखाटन केलं. ‘इन्व्हेनिट’ म्हणजे कल्पना त्याची. ‘स्कल्प्सिट’ म्हणजे पत्रा त्यानं खोदला. ‘फेसिट’ म्हणजे केलं, मोघमपणे. ‘एक्सकुडिट’ म्हणजे प्रकाशित केलं. हे शब्द पूर्ण क्वचितच लिहीत. तीन-चार अक्षरं आणि पुढे टिंब. फ्रेंच चित्रांत ‘राजाच्या परवान्यानं’ अशी ओळही भेटते. ती म्हणजे त्या काळचा कॉपीराइट. मधल्या मोठ्या अक्षरांत चित्राचं नाव.

एक खाच: त्या काळच्या छपाईत शब्दाच्या मधला रोमन ‘एस’ लांबोळका असे, ‘एफ’सारखा दिसणारा. तो कळला नाही की शब्दकोशात शब्द सापडत नाही आणि आपण उगाच फ्रेंच भाषेला बोल लावतो. स्पेलिंगही तेव्हाची. व्हियांच्या मालिकेच्या नावात ‘काराव्हान’ या शब्दात एक ‘एन’ जास्तीचा आहे. इंटरनेटवर रोमन लिपीत शोधताना दोन्ही स्पेलिंगं टाकून बघा.

आता त्या मालिकेचं मुखपृष्ठ वाचू. मोठ्या अक्षरांत: ‘सुलतानाचा मक्केला निघालेला काफिला’. इतकंच वाचून थांबलात तर वाटेल की कुणी फ्रेंच प्रवासी उंटावर बसून दमास्कसहून निघाला आणि वाटेत चित्रं काढत गेला. पुढची ओळ: ‘तुर्की सोंगांची मिरवणूक’. आणि मग: रोममध्ये, फ्रेंच अकादमीच्या शिष्यवृत्तीवरच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी, 1748 च्या कार्निव्हलला काढलेली.

म्हणजे सोंगं! गोव्यात लेंटच्या उपासांआधी जो कार्निव्हल होतो, तोच सण. रोममध्ये त्याची मुख्य मिरवणूक कोर्सो नावाच्या सरळसोट रस्त्यावर निघे, आणि फ्रेंच अकादमी तेव्हा त्याच रस्त्यावरच्या मान्चिनी वाड्यात होती. पॅरिसहून निवडून पाठवलेले तरुण चित्रकार आणि शिल्पकार तिथे राहून प्राचीन मूर्ती आणि राफाएलची चित्रं गिरवत. त्या वर्षी पोरांनी ठरवलं की आपण तुर्क व्हायचं. संचालक होते झाँ-फ्रान्स्वा द त्र्वा, स्वतः नामवंत चित्रकार. पुढे व्हियांनं मालिका त्यांनाच अर्पण केली.

वजीर, मुफ्ती, सुलतानाच्या खास जॅनिसरी फौजेचा आगा म्हणजे सरदार, जनानखान्यातल्या खोजांचा (नपुंसक रखवालदारांचा) नायक, झाडून सगळी पात्रं. भरजरी दिसणारे पोशाख म्हणजे साध्या कापडावर रंगकाम. हात चित्रकारांचे, तेव्हा जर आणि किनखाप रंगातून उभे करणं त्यांना अवघड नव्हतं. आणि सुलताना? पट्टराणी, गोरी सुलताना, काळी सुलताना, ग्रीक सुलताना अशा बऱ्याच आहेत मालिकेत. अकादमीत एकही मुलगी नव्हती. बालगंधर्वांना डोक्यावर घेणाऱ्या मुलखात हे समजावून सांगायची गरज नाही. त्या सगळ्या सुलताना म्हणजे शालू नेसलेली पोरं.

व्हियां तेव्हा तिशी ओलांडलेला. 1716 चा जन्म, गाव मोंपेलिये. 1743 ची ‘प्री द रोम’ शिष्यवृत्ती मिळवून तो रोमला आला होता. मिरवणूक सरली, पण त्यानं पात्रांची रेखाटनं केली आणि त्यांवरून तीसेक एचिंग उतरवली. प्रत्येकात एकच माणूस, उभा, पायाशी सावली, मागे जवळजवळ काही नाही, खाली पात्राचं नाव. चित्रं लहानखुरी, वीसेक सेंटिमीटर उंचीची. तेव्हा सोंगं काढणारा हा गडी पुढे त्याच अकादमीचा संचालक झाला, नामांकित चित्रकार जाक-लुई दाव्हिदचा गुरू झाला, राजाचा पहिला चित्रकार झाला, क्रांतीतून तगला आणि नेपोलियनच्या हातून सेनेटरपद घेऊन 1809 मध्ये वारला. पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, थोरामोठ्यांना पुरतात तिथे, त्याची समाधी आहे.

नाव खरं की खोटं

पुढची पायरी घरबसल्या होते: चित्रावर लिहिलेली घटना घडू शकत होती का, ते तपासा.

दरसाल हज यात्रेकरूंचा मोठा काफिला दमास्कसहून मक्केला निघे, त्यावर नेमलेला अमीर असे, इस्तंबूलहून सुलतानाच्या देणग्या जात. हे सगळं खरं. पण गादीवर असलेला एकही उस्मानी (ऑटोमन) तुर्की सुलतान स्वतः हजला गेला नाही. राजधानी सोडून महिनोन्‌महिने दूर राहणं त्यांना परवडणारं नव्हतं. म्हणजे ‘सुलतानाचा मक्केला निघालेला काफिला’ मक्केच्या वाटेवर कुणी कधी पाहिलाच नव्हता. तो निघाला एकदाच, रोमच्या रस्त्यावर, पोपच्या राज्यात.

हे कळल्यावर चित्र कमअस्सल होतं का? मला तर उलट वाटतं. तुर्कस्तानाबद्दल ते फारसं काही सांगत नाही, पण 1748 चे फ्रेंच तरुण तुर्कस्तानाबद्दल कसली स्वप्नं बघत होते, हे त्याच्याइतकं स्पष्ट क्वचितच कुठे सापडेल. पॅरिसमध्ये तेव्हा तुर्की गोष्टींची हवा होती. 1721 मध्ये सुलतानाचा वकील, म्हणजे राजदूत, मेहमेद एफेंदी पॅरिसला आला तेव्हा त्याला बघायला रस्ते भरले होते. वीस वर्षांनी त्याचा मुलगा सईद वकील म्हणून आला, तेव्हा हौस पुन्हा उफाळली. शिवाय फ्रान्स आणि उस्मानी दरबार यांची दोस्ती जुनी. या चित्रांना सरसकट ‘वसाहतवादी नजर’ म्हणून बाजूला टाकणं हा आळस आहे. त्यांना ‘त्या काळचा अस्सल पुरावा’ म्हणून पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापणं हा त्याहून मोठा आळस. आणि दुसरा आळस मी जास्त पाहिलाय.

कुणी पाहिलं, कुणी ऐकलं

सगळीच चित्रं सोंगांची नसतात. व्हियांच्या शेजारी ठेवून बघण्यासारखा दुसरा संच आहे तो 1714 मध्ये पॅरिसला निघालेला, शंभर चित्रांचा. शार्ल द फेरिओल हा फ्रान्सचा वकील 1699 ते 1711 इस्तंबूलला होता. त्यानं झाँ-बाप्तिस्त व्हानमूर या चित्रकाराकडून तिथल्या लोकांची चित्रं करून घेतली: दरबारी, दर्वेशी, आर्मेनियन, ग्रीक, ज्यू, न्हाणीघराकडे निघालेल्या बायका. व्हानमूर मूळचा व्हालेंसिएन गावचा, पण इस्तंबूललाच राहिला आणि 1737 मध्ये तिथेच वारला. त्यानं हे लोक डोळ्यांनी पाहिले होते.

पण पत्रे खोदले ते पॅरिसमधल्या खोदकाम्यांनी, व्हानमूरच्या चित्रांवरून. म्हणून कोपऱ्यातल्या दोन नावांपैकी कोण तिथे गेलं होतं आणि कोण नाही, हा प्रश्न प्रत्येक चित्राला विचारायचा. जनानखान्याच्या चित्रांत तर व्हानमूरही ऐकीव माहितीवरच होता. परक्या पुरुषाला आत प्रवेश नसे.

हा संग्रह मग युरोपभर पोशाखांची खाण झाला. व्हेनिसच्या ग्वार्दी या चित्रकारानं 1740 च्या दशकात शुलेनबुर्ग या सेनापतीसाठी जी तुर्की चित्रं रंगवली, ती याच छापचित्रांवरून, व्हेनिस न सोडता. एकानं पाहिलेलं, दुसऱ्यानं खोदलेलं, तिसऱ्यानं रंगवलेलं. गावगप्पांसारखं, प्रत्येक हातात थोडं वाढलेलं.

नक्कल ओळखायची एक सोपी युक्ती आहे. पत्र्यावरचं चित्र कागदावर उलटं, आरशातल्यासारखं उमटतं. हुशार कारागीर पत्र्यावर उलटं काढतो म्हणजे कागदावर सुलटं येतं. पण कुणी छापलेलं चित्र समोर ठेवून ते जसंच्या तसं नव्या पत्र्यावर उतरवलं, की नवी प्रत उलटी येते. मग तलवार कुठल्या कमरेला आहे ते बघा. उजव्या हाताचा माणूस तलवार डावीकडे लटकवतो. ती उजवीकडे असेल, लिहिणारा डाव्या हातानं लिहीत असेल, तर शंका घ्या आणि जोडीचं चित्र शोधा. एकदा एका अंगरख्याची गुंडी भलत्या बाजूला बघून मी अख्खा रविवार मूळ चित्र शोधण्यात घालवला. सापडलं तेव्हा बायकोनं फक्त, "जेवायला ये," एवढंच म्हटलं.

जोडीचं चित्र कुठे शोधायचं

न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय, लंडनचं ब्रिटिश म्युझियम, अ‍ॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयाचं गालिका हे संकेतस्थळ, सगळीकडे मोठ्या आकारातली चित्रं फुकट बघता येतात. राइक्सम्युझियममध्ये व्हानमूरची मूळ तैलचित्रंही आहेत. डच वकील काल्कून यानं ती जमवली होती. छापचित्र आणि तैलचित्र शेजारी उघडून बघण्यासारखा दुसरा वर्ग नाही.

नोंदीत तीन गोष्टी बघा: मालिकेतलं कितवं चित्र, पत्र्याचं माप, आणि खालच्या मजकुराची नक्कल. माप तुमच्या पट्टीशी ताडा. काही मिलिमीटरचा फरक असेल तर दचकू नका, ओलसर कागद वाळताना आकसतो. त्याहून जास्त असेल तर पत्रा दुसरा. खालचा मजकूर अक्षर न्‌ अक्षर जुळवा. विक्रेत्याचा पत्ता बदललेला असेल तर पत्रा हात बदलून गेलेला आहे.

रंगीत प्रत दिसली तर भुलू नका. काही संच छापले तेव्हाच हातानं रंगवून विकले जात, पण कितीतरी साधी चित्रं पुढे दुकानदारांनी गिऱ्हाईक मिळावं म्हणून रंगवली. रंग कागदाच्या चिरेत किंवा डागावरून ओघळलेला असेल, तर चीर आधीची आणि रंग नंतरचा.

घरी आणल्यावर

चिकटपट्टी लावायची नाही. लॅमिनेशन तर नाहीच नाही. एका ओळखीच्या गृहस्थांनी वारशानं आलेलं चित्र ‘सुरक्षित राहावं’ म्हणून लॅमिनेट करून आणलं आणि मोठ्या अभिमानानं मला दाखवलं. मी चहा घेऊन निघालो. प्लॅस्टिकमध्ये गरम दाबलेला कागद पुन्हा सोडवता येत नाही.

फ्रेम करायची तर आम्लरहित माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) मागा आणि काच कागदाला टेकू देऊ नका. मुंबई-कोकणात पावसाळ्यात काचेच्या आत दमट धरतं आणि कागदावर तपकिरी ठिपके उठतात. जून ते सप्टेंबर मी चित्रं बाहेरच्या भिंतीवरून काढून आतल्या भिंतीवर लावतो. बाहेरच्या भिंतीला ओल येते. उन्हाची तिरीप वर्षभर टाळायची.

चोरबाजारातली ती सुलताना अजून माझ्याकडे आहे. तिला माउंट नाही, काच नाही, स्वयंपाकघराच्या दाराशी टाचणीनं लावलेली. येणारा-जाणारा विचारतो, कोण ही बाई? मी सांगतो, बाई नाही, रोमला शिकायला गेलेला कुणीतरी फ्रेंच मुलगा आहे.